आधीच भरलेले अठ्ठावीस चौकोन

विलास,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अकरा जणांनी भाषणं केली. मी मोजली. तिथं बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि मोजणं हा माझा धंदाच आहे. अकरापैकी नऊ जण म्हणाले की विलास कधी थकला नाही. उरलेल्या दोघांपैकी एक जण माइक चालू आहे की बंद तेच बघत राहिला आणि दुसरा वॉर्डातल्या पाण्यावर बोलला.

आपल्या कंपनीचे पर्सनल मॅनेजर आले होते. तेच, ज्यांनी तुझा बसून करायच्या कामाचा अर्ज खणात टाकला आणि खण लावून घेतला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. म्हणाले, "विलास म्हणजे न थकणारं मशीन होतं." अरे, मशीनला तरी महिन्यातून एकदा तेलपाणी मिळतं. मशीन गरम झालं तर बंद करून ठेवतात, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. पण टाळ्या वाजवायची जागा नसल्यामुळं लोकांनी माना डोलावल्या, आणि साहेब पुढच्या रांगेत जाऊन बसले.

वरवंडचे तुझे मामा ढसाढसा रडले. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या उशाशी बसून हेच मामा म्हणत होते, "गाठ काढली ना डाक्टरनं? मग आता कशापायी लोळायचं? जरा हातपाय हालवावं मान्सानं." तू हसून म्हणालास, "व्हय मामा, उद्यापासनं." मामांना वाटलं, आपण भाच्याला वळणावर आणलं. ते खूश होऊन चहा पिऊन गेले. ते गेल्यावर तुला कूस बदलायची होती आणि ती बदलायला तू मला हाक मारलीस, हे मामांना कुणी सांगितलं नाही. तू तर नाहीच.

मलाही बोलावलं, "विलासचे जिवलग मित्र" म्हणून. मी घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर खोटं बोललो आणि घरी आल्यावर ते मला फार लागलं. म्हणून हे लिहायला बसलोय. मला रडायचंही आहे, पण आधी राग निघाल्याशिवाय ते जमणार नाही, आणि त्यातला बराच राग तुझ्यावर आहे.

शिक्रापूरच्या त्या पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात करतो. कंपनीत लागलो तेव्हा आपल्या दोघांची एकच कॉट होती आणि हायवेच्या ट्रकांमुळं भिंतीवरचा आरसा हलायचा. तू दौंडच्या रेल्वे खलाशाचा मुलगा, मी न्हावऱ्याच्या पलीकडच्या बागायतदाराचा. पहिल्या दिवाळीला तुला मी गावी नेलं. तुझं आडनाव ऐकल्यावर चुलत्यांचा चेहरा बदलला, आणि त्यांनी तुला ओट्यावरच सतरंजी टाकून दिली. मी जमिनीत गेल्यासारखा झालो. तू मात्र आरामात मांडी घातलीस, मलाही खाली बसवलंस आणि म्हणालास, "आत लई गरम व्हतं, हितंच बरं हाय." दिवाळीत कसलं गरम होतं रे? माझ्या चुलत्यांसारख्या क्षुद्र माणसाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून तू हवामान बदललंस. तेव्हा मला वाटलं, केवढं मोठं मन आहे याचं. आता वाटतं की तो तुझा रोग होता, गाठीच्या कितीतरी आधीचा. समोरच्याला वाईट आकडा द्यायचाच नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. तू ग्राइंडिंगच्या मशीनवर ऑपरेटर आणि मी क्वालिटीत तपासणारा. टेम्पोच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट तू घासायचास. दर तासाला पाच शाफ्ट मोजायचे आणि त्यांची जाडी चेकशीटवर लिहायची, एवढा साधा नियम. तू सकाळी सातला कामावर यायचास आणि सव्वासातला दुपारी तीनपर्यंतचे सगळे चौकोन भरून मोकळा व्हायचास. त्यातही कला होती तुझी. सगळे आकडे सारखे लिहायचे नाहीत, साहेबाला संशय येतो. एक जरा वर, एक जरा खाली, आणि मधेच एखादा मर्यादेच्या अगदी कडेला टेकलेला, म्हणजे सगळं खरं वाटतं. नव्या पोरांना तू हे प्रेमानं शिकवायचास. मी चिडायचो. तू म्हणायचास, "माल बघ की. एक तरी शाफ्ट परत आला का?"

नाही आला. नऊ वर्षांत तुझा एकही शाफ्ट परत आला नाही, हे मला लिहावं लागतंय याचाही मला राग येतो. तुझ्या बोटांना कळायचं. मायक्रोमीटर लावून मी जे सांगायचो ते तू अंगठा फिरवून सांगायचास. म्हणून तुझं म्हणणं होतं की माल बरोबर असेल तर आकडा कशाला मोजायचा. माझं म्हणणं होतं की आकडा खोटा असेल तर माल बरोबर असूनही नापास. यावर आपण नऊ वर्षं भांडलो, कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, तुझ्या लग्नाच्या मांडवात. सुनंदा वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, "ह्यो कोण तुमचा? वैरी का?"

मग तो मेमो आला. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे त्यातलं माझं सांगितलेलं नाही.

पहिली पाळी, सकाळचे अकरा. मी तुझ्या मशीनपाशी आलो तर मशीन चालू आणि तू स्टुलावर मान खाली घालून बसलेला. हाक मारली, खांदा हलवला. तू डोळे उघडलेस, माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी कुठल्या भलत्या गावचा माणूस, आणि परत मान टाकलीस. त्याआधी पंधरा दिवस तू जांभया देत होतास, शब्द विसरत होतास, पान्याला "ते हे" म्हणत होतास. मला वाटलं, माजला आहे. मित्र तपासायला आहे म्हणून माजला आहे. मला माझी नियमाची अक्कल पाजळायची होती. तिथंच पॅड काढून लिहिलं: ऑपरेटर कामाच्या वेळी झोपलेला आढळला. मेमोच्या तीन प्रती निघतात, एक पर्सनल खात्याला, एक आमच्याकडं आणि गुलाबी ऑपरेटरला. तू सही केलीस, गुलाबी प्रत घडी करून खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "आक्षर झ्याक हाय तुझं." तीन दिवस तुला घरी बसवलं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तू मोरीत पडलास आणि वहिनींनी तुला पुण्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला तेव्हा गाठ सापडली.

त्यानंतर तू त्या मेमोचा एका शब्दानं उल्लेख केला नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर मी माफी तरी मागितली असती. तू मला तेवढीही जागा दिली नाहीस. चुलत्यांसारखंच मलाही तू ओट्यावर सांभाळून घेतलंस, आणि ते मी निमूटपणे घेऊ दिलं.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. डोक्यावरचे केस गेले आणि टाक्यांची रेघ राहिली. लोकांना रेघ दिसायची, त्यामुळं रेघ वाळली की माणूस बरा झाला असं त्यांनी ठरवून टाकलं. थकवा दिसत नाही ना. तू अर्धी दाढी करून वस्तरा हातात तसाच धरून बसायचास. शर्टाची तीन बटणं लावली की चौथ्याला विश्रांती. तोंडात घास असताना तुझा डोळा लागायचा आणि वहिनी बोटानं तो घास काढायच्या. झोपून उठलास की झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेला असायचास. आणि दाराशी येणारा प्रत्येक जण आत डोकावून म्हणायचा, "आराम चाललाय वाटतं." एकानं तर तुला सूर्यनमस्कार सांगितले. तो स्वतः रिक्षाशिवाय कोपऱ्यावर जात नाही.

कंपनीत आजारपणाची रजा संपत आली होती. मी पर्सनल मॅनेजरकडं गेलो. म्हटलं, मोजमापाची गेज ठेवायच्या खोलीत एक खुर्ची आहे, तिथं बसून गेज द्यायचे आणि परत घ्यायचे, विलासला तेवढं जमेल. साहेब म्हणाले, "थकवा हा काय आजार आहे का? थकवा मलाही येतो." मग उपकार केल्यासारखं म्हणाले, "दवाखान्यातून पत्र आणा, की हा थकवा आजाराचा आहे आणि जास्त आहे. मग बघू." ती खुर्ची मिळाली तर तुझी नोकरी वाचत होती. सगळं त्या पत्रावर होतं.

आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात तुझ्या डॉक्टरांनी ती गोळी सांगितली. मला तर वाटलं, चला, एवढ्या दिवसांत कुणीतरी शहाणं माणूस भेटलं. ते म्हणाले की मेंदूत गाठ झालेल्या लोकांना असा थकवा येतो, तो खरा असतो, आळस नसतो. मेंदूला जागं ठेवणारी एक गोळी आहे, दुसऱ्या कामासाठी वापरतात, ती या थकव्यावर चालते का ते तपासून बघायचंय. चार आठवडे एक बाटली, मधे एक आठवडा काही नाही, मग चार आठवडे दुसरी बाटली. एका बाटलीत औषध आणि दुसरीत नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. कोणती कधी, हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला. सगळ्यांचं संपल्यावर पाकीट फोडून बघायचं. मला ती पद्धत फार आवडली. माणसाच्या मनाची लबाडी धरूनच आखलेली पद्धत.

फॉर्मवर मात्र थुंकावंसं वाटलं. "आपणांस जाणवणाऱ्या क्लांतीची तीव्रता" असं छापलेलं. सगळ्या दौंड तालुक्यात आजवर कुणाला क्लांती झालेली नाही. तिथं माणूस दमतो, गळाठतो, त्याच्या अंगात त्राण राहत नाही. ज्यानं हे मराठी लिहिलं त्याला एकदा ऊसतोडीला उभा करायला हवा. ते काम बघणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनीच सगळं साध्या भाषेत सांगितलं. तुझी नाडी आणि बीपी बघितलं, वही दिली. वहीत प्रत्येक बाटलीसाठी अठ्ठावीस चौकोन. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी एक आकडा लिहायचा, शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे उठवत नाही. आणि दर आठवड्याला एक पान सोबतच्या नातेवाइकासाठी, "रुग्णाच्या थकव्याबद्दल आपले मत". वहिनींना अंगणवाडीतून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून सोबतीला मी. मॅडमनी विचारलं, नातं काय लिहू? तू लगेच म्हणालास, "भाऊ." मॅडमनी दोन आडनावं बघितली आणि लिहून घेतलं.

परत येताना दौंड पॅसेंजरमध्ये तू खिडकीपाशी वहीत काहीतरी लिहीत होतास. मला वाटलं, नाव-पत्ता लिहितोय. मी उरुळीपर्यंत पेपर वाचला आणि मग तुला झोप लागली.

चार आठवड्यांनी आपण परत गेलो. डॉक्टरांनी वही चाळली, चेहरा खुलला त्यांचा. म्हणाले, "छान, बरंच बरं आहे की." तीन, चार, तीन, तीन, पाच, चार, तीन. तू पत्राचं विचारलंस, त्यांनी वही समोर ठेवून पत्र लिहिलं: थकवा सौम्य, कामावर रुजू होण्यास हरकत नाही. मी शेजारून वहीत डोकावलो. सकाळी तुझ्या पायात चपला मी घातल्या होत्या. ते आकडे बघितले, आणि तो मधला पाच बघितला. तो पाच मी नऊ वर्षं बघत आलो होतो. मर्यादेच्या कडेला टेकलेला, खरं वाटावं म्हणून ठेवलेला.

गाडीत बसल्यावर विचारलं, "कधी भरलीस?"

"पहिल्याच दिशी. गाडीत."

"सगळे अठ्ठावीस?"

"रोज रोज कोण बसंल लिवत? हात थरथरतो." मग माझं तोंड बघून म्हणालास, "आरं, त्यो डाक्टर एवढा देवमाणूस. त्येची गोळी हाय. मी नऊ-दहा लिवलं तर फेल जाईल बिचाऱ्याची."

विलास, सगळ्या जगात एवढा मूर्खपणा दुसरा कुणी करू शकणार नाही. ज्या माणसानं पहिल्यांदा म्हटलं की तुझा थकवा खरा आहे, त्यालाच तू लिहून दिलंस की थकवा नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून. ज्या कागदानं तुझी नोकरी वाचणार होती तो कागद तू स्वतःच्या हातानं फाडलास, आणि तोही पाहुण्याला चहा विचारावा तसा सहज. माझं डोकं फिरलं. तिथूनच परत डॉक्टरांकडं जायला हवं होतं. मी म्हणालो, "बरंय. आता तुझ्या आकड्यानं जा मशीनवर. बघू दे मला तरी सौम्य थकवा."

हे मी म्हणालो. आणि तू गेलास.

दोन दिवस तू उभा राहिलास. तिसऱ्या दिवशी दहाच्या चहाच्या आधी तू मशीनपाशी फरशीवर बसलास. पडला नाहीस, बसलास, जसं कुणी ओट्यावर बसावं. मी धावत आलो. तू म्हणालास, "जरा टेकलोय." चौघांनी उचलून तुला गाडीत घातलं. चेकशीट बघितली तर तीन वाजेपर्यंत भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटा पुण्याला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वहीच्या पहिल्या भागावर एक तिरकी रेघ मारली. म्हणाले, "हा भाग आता धरता येणार नाही. पण दुसरी बाटली घेऊ दे. आणि खरं लिहायला सांगा, माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी." नवीन पत्रही दिलं, थकवा तीव्र, बसून काम द्यावे. ते मी पर्सनल मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि मान हलवून म्हणाले, "एकच डॉक्टर, एकाच आठवड्यात दोन मतं. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" प्रकरण विचाराधीन आहे, असं नंतर चार वेळा ऐकलं. ती खुर्ची तशीच रिकामी होती. मी रोज त्या खोलीवरून जायचो.

दुसऱ्या बाटलीच्या वेळी तू खरं लिहिलंस. माझ्या धाकानं का होईना. नऊ, नऊ, आठ, नऊ. मग एकदम सात, सात. आणि एका दिवशी चार. तो चार खरा होता, याला मी साक्षीदार आहे. कारण त्या दिवशी सकाळी अकराला तू शिरूरला माझ्या दारात उभा होतास. दौंडहून एसटीनं, चौफुल्याला गाडी बदलून, एकटा. वाटलं, काहीतरी मोठं कारण असणार. कारण काय, तर भांडायचं होतं. अंगात महिन्यांनी जेवढं बळ आलं ते सगळं तू माझ्याशी भांडायला घेऊन आलास.

दोन तास बसलास. दोन भाकरी खाल्ल्यास. म्हणालास, "तीन लिवलं व्हतं ना, तवा तीनच वाटायचं रं. सकाळी वही बघायचो, आज तीन हाय. म्हंजी उठाया पायजे. आता तुझ्यापायी खरं लिवतो. नऊ लिवलं की पडूनच ऱ्हावं वाटतं."

मी म्हणालो, "मग गोळीचा गुण कळणार कसा?"

"तुला गोळीचा गुण कळाया पायजे. मला उठाया पायजे."

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. तीन लिहून तू उठलास आणि मशीनपाशी बसलास, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मशीनवर तुला जा म्हणणारा मी, म्हणून गिळलं. तुला वाटलं तू जिंकलास. इतका खूश झालास की स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन तूच चाललास. विलास, तू जिंकला नव्हतास. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. पण त्या दिवशी तू पिशवी घेऊन पुढं चालत होतास आणि मी मागं, ते मला कुणीही काही दिलं तरी मी बदलून घेणार नाही. ती गोळी होती, की नुसती पांढरी वडी होती, ते पाकीट फुटल्यावर कळेल. जे काही होतं त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

त्यानंतर गाठ परत वाढली. बाकीचं तुला माहीत आहे आणि मला लिहायचं नाही.

कार्यक्रम संपल्यावर, मांडवातल्या सतरंज्या गोळा होत असताना, वहिनींनी ती वही आणून दिली. दवाखान्यात परत द्यायची होती. म्हणाल्या, "भाऊजी, सहाच चौकोन ऱ्हायलेत. भरून टाका की. पुस्तक अर्धंमुर्धं गेलेलं बरं दिसत न्हाई. त्ये आसते तर त्येंनी भरलं आसतं."

तू असतास तर नक्कीच भरलं असतंस. तीन, चार, तीन, तीन, पाच, चार. माझ्या हातात पेन होतं, आणि खरं सांगतो, एक क्षण मलाही भरावंसं वाटलं. तुझ्यासारखं लिहून बघावं, तुला तीन वाटलेला एखादा दिवस. नाही भरलं. मी न मोजलेला आकडा लिहीत नाही, एवढीच माझी हुशारी, आणि तिच्या जोरावर मी आयुष्यभर लोकांना तुच्छ समजत आलो.

मग पानं उलटली तर नातेवाइकाची पानं दिसली. आठ आठवड्यांची आठ पानं, आठही कोरी. तुला खरं लिही, खरं लिही म्हणून छळणाऱ्या माणसानं एक ओळ लिहिली नव्हती. मॅडमनी विचारलं की मी म्हणायचो, मी डॉक्टर नाही, माझ्या मताला काय किंमत. खरं कारण एवढंच की तुझ्या थकव्याबद्दल माझं मत मी आधीच एकदा लिहिलेलं होतं, चांगल्या अक्षरात, तीन प्रतींत. खरं लिहायला बसलो असतो तर तिथूनच सुरुवात करावी लागली असती. मामांना हसलो, साहेबांना शिव्या घातल्या, सूर्यनमस्कारवाल्याची टिंगल केली. पण तुला आळशी ठरवून तसं कागदावर उतरवणारा पहिला माणूस मी होतो. त्या सगळ्यांच्या आधी.

वहिनींच्या ओट्यावर बसूनच शेवटच्या पानावर लिहिलं. आज सकाळी दवाखान्यात जाऊन दिलं. मॅडम वेगळ्या होत्या, नवीन. पानं उलटून म्हणाल्या, "ही दर आठवड्याला भरायची होती, आता उशीर झाला." मी म्हणालो, हो, उशीर झाला. त्यांनी विचारलं, नातं? मी म्हणालो, भाऊ. त्यांनी न वाचताच शिक्का मारला आणि वही ढिगात ठेवली. मी त्या पानाची एक प्रत मागितली. प्रत मिळत नाही, म्हणाल्या.

म्हणून पानावर जे लिहिलं ते इथं तसंच उतरवतो:

"ग्राइंडिंग मशीन नंबर चार. पहिली पाळी, सकाळी अकरा. ऑपरेटर झोपलेला आढळला असे मी लिहिले होते. तो झोपलेला नव्हता. तो आजारी होता. मी तपासले नाही. चूक तपासणाऱ्याची."

मेमोची एक प्रत ऑपरेटरला द्यायची असते. ही तुझी.